बंदूक बिघडते तेव्हा : आगाशीच्या खाडीकाठून एक इतिहास

इतिहासाच्या पुस्तकांत बंदूक येते ती सुटल्यावर. कोणी झाडली, कोण पडले, कोणता किल्ला कोणाकडे गेला, एवढे सांगून पुस्तक पुढे सरकते. ती वेळेवर सुटावी म्हणून आदल्या रात्री कोणी नळी घासली, कोणी दारू उन्हात घातली, कोणी घोड्याची कमान बदलली, याचा पत्ता लागत नाही. प्रस्तुत लेखात आम्हाला बंदुकीच्या पराक्रमाविषयी लिहायचे नाही. तिच्या बिघाडांविषयी आणि ते दुरुस्त करणाऱ्या हातांविषयी लिहायचे आहे. विषय रूक्ष वाटेल. पण त्याच्या आडून आपल्या समाजातील कारागिरांचा एक विसरलेला अध्याय उलगडतो, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा ही विनंती.

आरंभासाठी आम्ही आगाशी निवडले. विरार स्टेशनाच्या पश्चिमेला वसलेले हे गाव आज सुकेळीसाठी आणि केळी-पानवेलींच्या वाड्यांसाठी ओळखले जाते. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आले. सोळाव्या शतकाच्या आरंभी मात्र आगाशी हे गुजरातच्या सुलतानांच्या ताब्यातील नांदते बंदर होते. जहाजबांधणीसाठी त्याचा लौकिक होता. १५३० साली अंतोनियू द सिल्वेरा या पोर्तुगीज सेनानीने सुरत, रांदेर, दमण आणि आगाशी ही बंदरे जाळली. पुढच्याच वर्षी, १५३१ मध्ये, नुनू द कुन्या हा गव्हर्नर मोठे आरमार घेऊन दीववर चालून गेला. तिथे मात्र त्याला हात हलवत परतावे लागले, कारण गुजरातच्या बाजूने मुस्तफा रूमीखान हा तुर्की तोफखान्याचा जाणकार उभा होता. शेवटी डिसेंबर १५३४ च्या तहाने सुलतान बहादूरशाहने वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल राहिला.

म्हणजे तुर्कांची तोफ आणि पोर्तुगीजांची बंदूक या दोन्हींची गाठ आपल्या किनारपट्टीवर पडली. त्याची साक्ष आपली मराठीच देते. ‘तोफ’ हा शब्द तुर्कीतून आला. ‘बंदूक’ अरबीतून आला. तिथे त्याचा मूळ अर्थ एका कवचीच्या फळाचा, त्यावरून गोळीचा आणि मग गोळी फेकणाऱ्या हत्याराचा. ‘जामगी’, म्हणजे तोफेला बत्ती देण्याची पेटती वात, फारसीतून आली. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगीजांनी दिले. नळी, घोडा, चाप, गज, माशी हे शब्द मात्र आपल्या लोहार-सुतारांच्या तोंडचे. एकाच हत्याराच्या अंगावर इतक्या भाषा नांदतात, याचा अर्थ ते हत्यार एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिले, आणि प्रत्येक हाताने त्याची दुरुस्ती शिकून घेतली.

आता बिघाडांकडे वळू. बंदुकीचा सर्वांत जुना आणि सर्वांत भयंकर बिघाड म्हणजे नळी फुटणे. गोळी शत्रूला किंवा सावजाला लागण्याऐवजी चालवणाऱ्याचाच हात घेऊन जाते. याचे कारण अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदवले आहे. पूर्वी लोखंडाचा पत्रा ठोकून सपाट करीत, तो वळवीत आणि त्याच्या दोन कडा एकमेकींना भिडवून जोडीत. असा सांधा नळीभर सरळ रेषेत जाई आणि दारूचा दाब आला की तिथेच उकले. म्हणून नळी पाव भागापेक्षा जास्त भरण्याची सोय नव्हती. अकबराच्या कारखान्यात यावर तोड काढली गेली. पत्रा तिरका गुंडाळायचा, घडीवर घडी चढवायची आणि हळूहळू तापवून सांधायची. त्यामुळे सांधा एका रेषेत न राहता नळीभोवती फिरत जातो आणि दाब सगळीकडे वाटला जातो. अशी नळी तोंडापर्यंत भरली तरी फुटत नसे, असे अबुल फजल म्हणतो.

याच ग्रंथातील आणखी दोन नोंदी आम्हाला फार मोलाच्या वाटतात. पहिली नोंद नळी साफ करण्याच्या यंत्राची. बैलाच्या जोरावर फिरणारे एक चाक आणि त्याला जोडलेल्या गजांनी एकाच वेळी सोळा नळ्या आतून घासून निघत. अबुल फजलने या शोधाचे श्रेय बादशहाला दिले आहे. इतिहासकार मात्र ते मीर फतहुल्लाह शिराझीला देतात. हा विद्वान इराणातून आला तो आधी आपल्या दक्षिणेत, विजापूरच्या अली आदिलशहाच्या दरबारी. १५८० मध्ये आदिलशहा मारला गेला. त्यानंतर १५८३ मध्ये फतहुल्लाह अकबराकडे गेला आणि १५८९ मध्ये काश्मीरमध्ये वारला. यंत्र कोणी केले आणि नाव कोणाचे लागले, हा प्रश्न तेव्हाही होता.

दुसरी नोंद नेमकी याच्या उलट आहे. शाही कारखान्यातील प्रत्येक बंदुकीवर लोखंड कुठले, वजन किती, कारागीर कोण, बनवली कुठे आणि केव्हा, हे कोरले जाई. उस्ताद कबीर आणि हुसेन या दोन निष्णात बंदूककारांची नावे अबुल फजलने आवर्जून दिली आहेत. यात कौतुकाइतकाच व्यवहारही होता. बंदूक बिघडली तर दोष कुठल्या लोखंडाचा आणि कुठल्या हाताचा, हे त्या कोरीव अक्षरांवरून कळे. दुरुस्तीचे शास्त्र अशा नोंदीवाचून उभे राहत नाही. अकबराची आवडती शिकारी बंदूक ‘संग्राम’ हिने १०१९ जनावरे मारल्याची मोजदाद ठेवली गेली. इतके बार काढूनही ती टिकली, यात नेमबाजाइतकाच साफ करणाऱ्याचाही वाटा आहे.

आमच्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर विजापूरच्या तटावर आज दिसणारी ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली गेली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. त्याचेही नाव तोफेवर आहे.

दुसरा बिघाड ओल्या दारूचा. कोकणच्या माणसाला तो समजावून सांगण्याची गरज नाही. बंदुकीची दारू म्हणजे शोरा, गंधक आणि कोळसा. शोरा शुद्ध असेल तर तो फारसा ओल धरत नाही, पण कच्च्या शोऱ्यात मीठ मिसळलेले असते, आणि मीठ पावसाळ्यात काय करते हे मिठागराशेजारी राहणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त याविषयी स्पष्ट हुकूम आहे. दारूखाना घराजवळ नसावा, आणि दर आठा-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू व बाण बाहेर काढून ऊन द्यावे, मग पुन्हा मोहोर करून ठेवावे. १७३७ च्या वसंतात सुरू झालेली चिमाजी आप्पांची वसईची मोहीम मे १७३९ मध्ये संपली. मध्ये दोन पावसाळे गेले. आगाशीसमोरचा अर्नाळा किल्ला १७३७ मध्येच मराठ्यांकडे आला. त्या बेटावर आजही देवळे आहेत आणि शाह अली व हाजी अली यांच्या कबरीही आहेत. चहूकडून खारे वारे खाणाऱ्या अशा ठिकाणी दारूला ऊन देण्याचा हुकूम कागदावर ठेवून चालण्यासारखे नव्हते.

तिसरा बिघाड ठिणगीचा. तोड्याच्या बंदुकीत पेटती वात विझली की काम संपले. गारेच्या बंदुकीत वात गेली, पण गार झिजली, सैल झाली किंवा कानावरची दारू भिजली तर घोडा पडूनही बार उडत नसे. कधी कानावरची दारू भपकन जळे आणि आतली तशीच राही. या दोषावर उपाय निघाला तो शिकाऱ्याच्या गरजेतून. अलेक्झांडर फोर्साइथ हा स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक पाणपक्ष्यांची शिकार करी. कानावरचा जाळ दिसताच पक्षी बुडी मारीत, म्हणून त्याने आघाताने पेट घेणारे रसायन वापरून १८०७ मध्ये एकस्व मिळवले. त्यातूनच पुढे टोपी आली. आपल्या कोकणात ज्या ठासणीच्या बंदुका दिसतात, त्या टोपीच्याच वंशातल्या. पुढे टोपी, दारू आणि गोळी एका पितळी काडतुसात बसली, आणि आटे असलेल्या नळीशी त्याची जोड होऊन आजच्या घडणीची रायफल तयार झाली.

रायफल आली म्हणून बिघाड संपले नाहीत; त्यांचे रूप तेवढे बदलले. जुनी शिकारी रायफल हाती आली तर जाणकार कारागीर काय पाहतो, हे आता क्रमाने सांगतो. उदाहरण म्हणून आपल्याकडची ३१५ बोरची रायफल घेऊ. इंग्रज सरकारने लष्करी ३०३ काडतूस सामान्य लोकांच्या हाती जाऊ दिले नाही, म्हणून शिकारीसाठी वेगळ्या मापाची काडतुसे रूढ झाली. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ ही त्यांतली प्रसिद्ध. तिचा बोल्ट आणि सांगाडा लष्करी ली-एनफिल्डच्याच घराण्यातला.

कारागीर पहिल्यांदा बोल्ट मागे ओढून रायफल रिकामी आहे की नाही ते डोळ्याने आणि बोटाने तपासतो. मालकाने ‘रिकामी आहे’ असे दहादा सांगितले तरी हे चुकत नाही. मग तो बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहतो. वर्षानुवर्षे कोपऱ्यात उभ्या असलेल्या नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असू शकते. अशा नळीत बार भरला तर चारशे वर्षांपूर्वीचा पहिला बिघाड, नळी फुटण्याचा, पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहतो.

त्यानंतर गंज. जुन्या रायफलीच्या नळीत बारीक खड्डे पडलेले दिसतात आणि मालक म्हणतो, ‘मी तर दर वेळी तेल लावत होतो.’ तो खोटे बोलत नसतो. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचे क्लोराइड होऊन नळीत बसते. ते मिठाचेच भावंड. हवेतली ओल ओढून घेते आणि लोखंड खाते. तेलात मीठ विरघळत नाही. तेलाने ते झाकले जाते, एवढेच. ते काढायला पाणीच लागते. हे शास्त्रीय कारण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि नंतरच्या वर्षांत प्रयोगांनी नीट उमगले. त्याआधीच ब्रिटिश शिपायांना बार काढल्यावर नळीत उकळते पाणी ओतण्याची सवय लावलेली होती. काळ्या दारूच्या बंदुकाही पाण्यानेच धुवाव्या लागतात. म्हणून खाडीकाठच्या माणसाला विचित्र वाटणारा नियम असा की दारू पाण्यापासून वाचवायची, पण नळी पाण्यानेच धुवायची. मात्र धुतल्यावर ती पूर्ण कोरडी करून मगच पातळ तेलाचा हात द्यायचा.

तेलाचीही गंमत आहे. जवसाचे तेल अक्रोडाच्या कुंद्याला चांगले. ते सुकते आणि लाकूड राखते. पण तेच सुकणे बोल्टमध्ये झाले की चिकट थर बसतो, टोचणी हळू धावते आणि टोपीवर जेमतेम खूण उमटते. बार उडत नाही आणि दोष काडतुसाला दिला जातो. टोपीवरची खूण उथळ असेल तर कारागीर आधी टोचणीची कमान आणि तिच्याभोवतीचा मळ पाहतो. खूण खोल असूनही बार उडाला नाही, तर काडतूस जुने किंवा ओले. न उडालेला बार लगेच उघडून पाहणे हा जिवावरचा खेळ आहे. तो काही क्षणांनी उडू शकतो, म्हणून नळी सुरक्षित दिशेला ठेवून निदान अर्धा ते एक मिनिट थांबण्याची रीत आहे.

पुढे काडतुसाचे रिकामे पितळ. ते अडकत असेल तर ओढणी झिजलेली, तिची कमान मेलेली किंवा घर गंजलेले. पण पितळ बुडाजवळ ताणून तुटत असेल तर मामला गंभीर आहे. बोल्ट आणि नळीचे बूड यांच्यात ठरावीक अंतर लागते. ते वाढले की पितळाला आधार राहत नाही आणि तापलेला वायू चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. ली-एनफिल्ड जातीत बोल्ट ज्या त्या रायफलीला बसवलेला असतो आणि दोहोंवर एकच क्रमांक असतो. जुन्या बाजारात फिरलेल्या रायफलीत दुसरीचाच बोल्ट आलेला असेल तर हे दोन आकडे जुळत नाहीत. म्हणून जाणकार आधी आकडे वाचतो आणि मग मापाने अंतर तपासतो. उस्ताद कबीर-हुसेनच्या काळी नळीवर मजकूर कोरण्याचा जो उपयोग होता, तोच इथे आकड्यांचा.

शेवटी नेम. पावसाळ्यात कुंद्याचे लाकूड फुगते आणि नळीला बाजूने रेटते. ऑक्टोबरात बरोबर लागणारी गोळी जुलैत हातभर सरकते. माशी हलवण्याआधी लाकूड पाहावे, असे जुने लोक सांगत. कातड्याच्या पिशवीत रायफल ठेवणेही घातकच. कातडे ओल धरते आणि कमावताना त्यात मुरलेले क्षार लोखंडाला लागतात.

वाचक म्हणतील, एवढे ज्ञान होते तर ते गेले कुठे? त्याचे उत्तर राजकीय इतिहासात आहे. शस्त्रांना धार आणि झळाळी देणारा तो शिकलगार. अरबीत ‘सैकल’ म्हणजे चकाकी देणे. हे आडनाव आजही सांगली-कोल्हापूर भागात भेटते. गारदी पलटणींच्या काळापर्यंत अशा कारागिरांना छावणीत मान होता. १७६१ मध्ये पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढून मारला गेलेला इब्राहिमखान गारदी सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या हजारो बंदुकांच्या गारा बदलणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोणाला ठाऊक नाही. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला बंदूक बाळगायला परवाना आणि युरोपियनाला सूट, असा तो उघड भेदभाव होता. त्याबरोबर बनवणाऱ्याचा आणि दुरुस्त करणाऱ्याचा हातही परवान्याच्या दोरीने बांधला गेला. ज्याला ती दोरी झेपली नाही तो चाकू-कात्रीला धार लावत दारोदार फिरू लागला. आपल्या पेठांतून सायकलचे चाक फिरवून सुरीला धार लावणारा दिसतो तेव्हा आम्हाला फतहुल्लाहच्या चाकाची आठवण होते. चाक तेच, त्यावरचे काम तेवढे लहान झाले.

शिकारीचा काळही संपला, आणि तो संपायलाच हवा होता. बिनचूक चालणाऱ्या रायफलींनी जंगलांची काय अवस्था केली हे लपलेले नाही. भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर करावे लागले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. आगाशीच्या पूर्वेला डोंगररांगेतले तुंगारेश्वरचे जंगल २००३ पासून अभयारण्य आहे. पण याच प्रवासात एक सुंदर वळणही आहे. मुंबईच्या खेतवाडीत मामांकडे वाढणाऱ्या सलीम अली या मुलाने छर्र्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ती कोणती हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड यांच्याकडे गेला आणि पक्ष्यांचाच होऊन राहिला. पुढे १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, तो दुर्बीण आणि वही घेऊन. १९८५ मध्ये आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राचे नावही त्या पडलेल्या चिमणीवरूनच आहे.

आज कोणाच्या घरी आजोबांची रायफल माळ्यावर निघाली, तर वर सांगितलेले वाचून स्वतः हत्यारे हाती घेण्याचा मोह कोणी करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीचा धंदाही परवान्यानेच करता येतो. परवानाधारक वारला असेल तर हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाने पुढचा अर्ज रीतसर करावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात.

हत्यार सरकारजमा झाले तरी चालेल. त्यामागचे ज्ञान मात्र जमा व्हायला हवे, एवढेच आमचे म्हणणे आहे. शहरांतून परवानाधारक दुरुस्तीची जी मोजकी दुकाने उरली आहेत, तिथल्या वृद्ध कारागिरांचे शब्द, त्यांची मापे, कमानीला पाणी देण्याच्या रीती कोणीतरी लिहून घ्याव्यात. शिकलगार, लोहार, सुतार कुटुंबांतील शिकलेल्या मुला-मुलींनी हे काम अंगावर घेतले तर फार उत्तम. आजोबांचे नाव कोणत्या लढाईच्या बखरीत नाही, याची खंत करीत बसण्यापेक्षा ते कोणती कमान कशी बसवीत हे नोंदवणे अधिक उपयोगाचे आहे. अकबराच्या कारखान्यात नळीवर कारागिराचे नाव कोरण्याला जागा होती. आपल्या वहीत तेवढी जागा निश्चितच निघेल.